मिशीचा फरक

यंदाच्या, म्हणजे २०२५च्या दिवाळीत जुन्नरच्या घरी माझी आणि माझ्या भाच्याची चांगलीच जुंपली. भाचा बारा वर्षांचा, मुक्काम पोस्ट जर्मनी, आणि भांडणाचं कारण चार सेंटिमीटर उंचीचा एक प्लॅस्टिकचा शिपाई. चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की शेवटपर्यंत लपवून ठेवलं.

झालं असं की तिकडच्या शाळांना ऑक्टोबरात एक सुट्टी असते. ती दरवर्षी दिवाळीशी जुळतेच असं नाही. यंदा जुळली आणि ताई त्याला घेऊन आली. पोरानं येताना कपडे कमी आणि लेगो जास्त आणलं. एक चपटा डबा, डब्यात खण, एकेका खणात एकेक माणूस. लेगोच्या या माणसांना मिनिफिगर म्हणतात. ठोकळ्यांचे सेट असतात ना, त्यातली ही वस्ती. शिपाई, चाचे, अंतराळवीर, आचारी, सगळे. डब्यात साठेक तरी असतील, आणि कोणालाही हात लावायची परवानगी नव्हती.

इकडे अंगणात मी आणि माझी सहा वर्षांची कन्या किल्ला करत होतो. दगड, विटांचे तुकडे, त्यावर भिजवलेलं गोणपाट, त्यावर चिखल. उतारावर अळीव पेरायचा तेवढा बाकी होता. जुन्नरात किल्ला करायचा म्हणजे शिवनेरीच करायचा, त्यात चर्चा नसते. मान वर केली की नमुना समोर उभा! खऱ्या शिवनेरीला सात दरवाजे आहेत. आमच्या किल्ल्याला कायम तीनच होतात, कारण चौथ्यापर्यंत चिखल संपतो आणि आतून फराळाची हाक येते. तर महादरवाजा उभा राहिला आणि कन्येला पहारेकरी हवा झाला. तिनं दादाच्या डब्यातून एक तलवारवाला उचलला आणि ओल्या चिखलात गुडघ्यापर्यंत रोवला.

जी किंकाळी उठली ती वर कडेलोटाच्या टोकापर्यंत ऐकू गेली असावी.

मग मी माझं भाषण केलं. ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, कारण तुम्हीही आपापल्या घरी तेच करता. "खेळणं खेळायला असतं. खणात मांडून ठेवायला तो काय दागिना आहे? आम्ही लहान असताना सगळ्या आळीत मिळून एक चेंडू होता..." वगैरे वगैरे. पोरानं सगळं ऐकून घेतलं. शिपाई चिखलातून काढला, नळाखाली धुतला, शर्टाला पुसला आणि म्हणाला, "मामा, हा नाइन्टीन एटीफोरच्या किल्ल्यातला आहे. ह्याच्या डोक्याला भोक नाहीये."

मी हसलो. डोक्याला भोक नसणं ही तशी चांगलीच गोष्ट आहे, असं काहीतरी म्हणालोही. तो उठून आत गेला आणि जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

रात्री मी जरा नमतं घेतलं. "बरं, ते भोकाचं काय ते सांग." मग तासभर शिकवणी झाली. मी जमेल तेवढी तुम्हाला देतो.

लेगोचा आज आपण बघतो तो ठोकळा १९५८च्या पेटंटचा. हातपाय हलवणारी ही माणसं आली १९७८ साली, येन्स न्यगोर क्नुडसेन नावाच्या डिझायनरच्या हातून. पहिली अकरा वर्षं जवळजवळ सगळ्यांचा चेहरा एकच, दोन ठिपके आणि एक हसू. पोलीस असो की सरदार, हसू तेच. १९८९ साली चाचे आले तेव्हा कुठे दाढ्यामिशा आणि डोळ्यावरच्या पट्ट्या आल्या. कातडी सगळ्यांची पिवळी. माणसाच्या कातडीचे रंग आले ते २००३-०४च्या सुमाराला, खऱ्या खेळाडूंच्या आणि सिनेमातल्या पात्रांच्या निमित्तानं. आणि आता भोक. टोपी बसवायला प्रत्येकाच्या डोक्यावर एक गोल खुंटी असते. आधी ती भरीव होती. पुढे तिच्यात भोकं ठेवायला लागले. का, तर एखाद्या लहान मुलानं डोकं गिळलंच आणि ते घशात अडकलं, तर श्वासाला वाट राहावी. म्हणून भरीव खुंटी दिसली की शिपाई जुना.

"टोपी घातल्यावर दोन्ही सेम दिसतात मामा. काढून बघायला लागतं."

हा शिपाई त्याला बाबांबरोबर जुन्या बाजारात, एका खोक्यातल्या भंगार ठोकळ्यांत सापडला होता. विकणाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्यानं टोपी काढून बघितलं आणि घेतला. मला वाटलं होतं पोरगं नग मोजतंय. ते तर नगामागचं कारण शोधत होतं!

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी अगदीच पाघळलो असं वाटेल. २०१० पासून ही कंपनी बंद पाकिटात एकेक माणूस विकायला लागली. पहिल्या मालिकेत सोळा जण होते. पाकीट फोडेपर्यंत आत कोण ते कळत नाही. मग मुलं दुकानात उभी राहून पाकिटं चाचपायची. ही तलवारीची मूठ, हा केसांचा टोप, ही काठी... भाच्यालाही ही विद्या येत होती. २०२३ मध्ये पाकिटांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी आली आणि विद्या बुडाली. तो हळहळतो, मी मनातून खूश आहे. कारण इथे फरक केलेला आहे तो विकण्यासाठी. सोळा हवेत म्हणून पंचवीस घ्यायला लावायचे, हा हिशेब आपल्याकडच्या लॉटरीवाल्यालाही कळतो. डोक्याचं भोक मुलाचा जीव जपायला आलं. पाकिटातला माणूस बापाच्या खिशासाठी लपला. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला माहितीये. म्हणून ते वेगळ्या खणात आहेत." खरोखरच होते.

मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडे असं काही नव्हतं?"

"आमच्याकडे चित्रं होती," मी म्हणालो.

किल्ल्यावर मांडायच्या बाहुल्यांना आम्ही चित्रं म्हणायचो. पुण्यातही तेच म्हणतात. हातात धरता येणाऱ्या वस्तूला चित्र का म्हणायचं हे मला विचारू नका. लहानपणी कधी प्रश्न पडला नाही आणि आता उत्तर देणारं माणूस नाही. कन्येसाठी मी दोन वर्षांपासून पुन्हा किल्ला सुरू केलाय, पण चित्रं बाजारातून नवी आणत होतो. जुना डबा माळ्यावर आहे हे मी विसरूनच गेलो होतो. आईनं आठवण केली. "अण्णांनी बांधून ठेवलाय, तो पत्र्याचा."

डबा निघाला. बिस्किटांचा, मोठा, कडा गंजलेल्या. आत प्रत्येक चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पोरानं पहिलं चित्र बाजूला ठेवलं आणि आधी कागद सपाट केला. नोव्हेंबर १९९४! त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चित्रं गुंडाळली ती गुंडाळली. पुढच्या वर्षी ताईची बारावी, मग माझी दहावी, मग दोघांचं पुणं. एकतीस वर्षं डबा उघडलाच नव्हता.

"म्हणजे सगळी नाइन्टीफोरची," मी म्हणालो.

"नाही मामा. शेवटचं कधी गुंडाळलं ते कागद सांगतो. घेतली कधी ते नाही सांगत."

पोरगं वकील होणार, नाहीतर पोलीस.

चित्रं ओट्यावर मांडली. सिंहासनावरचे महाराज तीन, मावळे चौदा, एक तुतारीवाला, एक वासुदेव, हंडा फुटलेली गवळण, बिनसोंडेचा हत्ती, वाघ, आणि कुठल्या तरी वर्षी शिरलेला एक बंदूकवाला जवान. लेगोची माणसं बहुतेक सगळी एका उंचीची असतात, कारण तोच माणूस घोड्यावरही बसला पाहिजे आणि विमानातही. आमच्याकडे उंची मानावर ठरते. महाराज सगळ्यांत मोठे, दरवाजातून आत जाणं शक्यच नाही. गवळण बुरुजाएवढी. वाघ आणि हत्ती बरोबरीचे. भाचा हे बघून पोट धरून हसला, पण मावळे हातात घेतल्यावर गंभीर झाला.

चौदा मावळे मी हजार वेळा हाताळले असतील. माझ्या लेखी ते चौदा मावळे होते, बस्स. त्यानं अर्ध्या तासात त्यांच्या तीन रांगा लावल्या. आधी अंगाच्या बाजूची रेघ दाखवली. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे ती रेघ उमटते. नऊ जणांची रेघ एकाच जागी, खांद्यावरून ढालीच्या कडेला. म्हणजे नऊ जण एका साच्यातले. बाकीच्या पाचांत दोघांचे पाय जुळलेले, तिघांचे सुटे. मग त्या नऊ जणांना त्यानं नाकावरून ओळीत लावलं. पहिल्याचं नाक धारदार, अंगरख्याच्या गाठी मोजता येतील अशा. शेवटच्याचं नाक म्हणजे नुसता उंचवटा. "साचा झिजत गेलाय मामा. हा आधीचा, हा नंतरचा."

मग सुट्या पायांचे तिघं. ते हाताला जड लागत होते. जिथे टवका उडालाय तिथे आत लाल. बाकीच्यांच्या टवक्यात पांढरं. लाल ते भाजलेल्या मातीचे, पांढरे प्लॅस्टरचे. मातीचं चित्र साच्यातून काढा, वाळवा, भाजा, मग रंगवा. प्लॅस्टर पाण्यात कालवलं की थोड्या वेळात घट्ट. दिवाळीच्या तोंडावर शेकड्यानं माल द्यायचा असेल तर कोणीही काय निवडेल ते उघड आहे. आमच्या घरात माती संपून प्लॅस्टर कधी आलं, ते त्या फुटक्या पायांवर लिहिलेलं होतं. मी कधी वाचलं नव्हतं.

आणि मिशा! साचा एक असला तरी मिशी ब्रशनं काढलेली. नऊ जणांच्या नऊ तऱ्हा. कोणाची जाड, कोणाची एका बाजूला घसरलेली, एकाची तर घाईत राहूनच गेलेली. त्यात एक मावळा निराळाच निघाला. साचा तोच, पण मिशी थेट कानापर्यंत पीळ दिलेली, आणि काळी नाही, निळसर. मानेभोवती पुसट कडं.

"रेअर!" पोरगं ओरडलं. "मामा, हा रेअर आहे!" कन्येला वाटलं रेअर हे मावळ्याचं नाव. दिवाळी संपेपर्यंत तो मावळा रेअरच होता.

मधल्या एका दिवशी आम्ही नाणेघाटात गेलो. पोरांना आधी तो जकातीचा दगडी रांजण आवडला, मग वारा आवडला, मग लेण्यात शिरलो. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख तिथे भिंतींवर आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण मला दाखवायची होती ती मागची भिंत. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीनं कोरलेल्या होत्या. सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार. आता मूर्ती नाहीत, कुठे कुठे पावलांच्या खुणा राहिल्यात. पण प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव कोरलेलं होतं, आणि त्या नावांमुळेच आज आपल्याला कळतं की इथे कोण उभं होतं. कर्नल साइक्सला १८२८ साली हे लेख आढळले आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी ते नीट वाचले.

भाचा बराच वेळ त्या रिकाम्या भिंतीकडे बघत होता. परत येताना गाडीत मला राहून राहून वाटत होतं की तिथे नावं आहेत, माणसं नाहीत. आमच्या डब्यात माणसं आहेत, नाव एकाचंही नाही. कुठल्या कुंभारानं केली, कुठल्या बाजारातून आली, कुठल्या वर्षी, कोणी आणली? काहीच नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात आमचा शिवनेरी आहे याचा आम्हा जुन्नरकरांना अभिमान आहेच, गावात पेढेही वाटले. पण बुरुज म्हणजे काय, तटबंदी म्हणजे काय, हे मी आधी अंगणातल्या चिखलात शिकलो आणि नंतर गडावर. त्या चिखलातल्या पहारेकऱ्यांची नोंद ठेवावी असं आमच्या घरात कोणाच्या मनात आलं नाही. आणि इथे एक पोरगं १९८४च्या परक्या शिपायाची टोपी काढून बघतंय.

भाऊबिजेला घोडेगावहून आत्या आली. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी ती भाऊबिजेला येते. ओवाळायला मी आहे, असं तिचं म्हणणं. आत्याचं सासर जुन्या आंबेगावचं, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं ते. गाव सोडताना काय न्यायचं आणि काय ठेवायचं हे एकेका वस्तूपाशी थांबून ठरवावं लागलेलं माणूस आहे ते. तिच्या घरात आजही कुठल्याही भांड्याला हात लावा, ते कुठून आलं, कोणी दिलं, सांगते. ओट्यावर मांडलेली चित्रं बघून ती चष्मा लावून खालीच बसली.

"हे तिघं मी आणलेले," तिनं बरोबर ते लाल मातीचे, सुट्या पायांचे उचलले. "आमचं गाव कोरडं होतं तेव्हाचे. बाजारातून आणले होते तुम्हा दोघांना. एक तुझ्या बहिणीनं पहिल्याच दिवशी फोडला, म्हणून तीन. चार होते."

भाच्यानं वही काढली. आत्या सांगत गेली, ताई त्याला अडलेले शब्द समजावत गेली, तो लिहीत गेला. महाराज तीन का, तर पहिल्यांचा हात गेला म्हणून दुसरे आणले, आणि तुटलेले पाण्यात सोडायला आईचं मन होईना. हे आईनं आतून सांगितलं. मग आत्यानं तो पीळदार मिशीवाला उचलला, उजेडात धरला आणि हसायलाच लागली.

"अगं बाई! ही तर अण्णाची मिशी."

मला काही कळेना.

"तू चौथीत होतास. चेंडू मारून ह्याचं मुंडकं उडवलंस. आणि काय रडलास रे! महाराजांचा माणूस मेला, महाराजांचा माणूस मेला... जेवेना. तू झोपल्यावर अण्णानं फेविकॉलनं मान चिकटवली. तोंडाचा रंग गेला होता, मग काडेपेटीच्या काडीनं दौतीतल्या शाईची मिशी काढली. मी कंदील धरला होता, वीज गेलेली. म्हटलं, अण्णा, एवढी मोठी मिशी? तर म्हणाला, लहान काढली तर पोराला कळेल तोच आहे म्हणून. सकाळी तुला सांगितलं, हा मेलेल्याचा भाऊ, नव्यानं भरती झालाय."

तो भाऊ मला आठवला. पक्का आठवला. मी त्याला महादरवाज्यावर ठेवलं होतं, कारण भावाचा सूड घ्यायला तोच योग्य. शाळामास्तर असलेल्या माझ्या वडिलांना स्वतःला कधी मिशी नव्हती, आणि त्यांनी मला खेळणं दुरुस्त करून दिलंय अशी माझ्याकडे एकही आठवण नव्हती. आम्हा दोघांत फार बोलणं नसायचं. त्यांच्याविषयी माझ्या मनात एक यादी आहे, काय काय केलं नाही त्याची. ती पस्तीस वर्षं बिनचूक आहे असं मी धरून चाललो होतो.

सगळे गप्प बसलेले बघून भाच्याला वाटलं आपलंच काही चुकलं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे हे फॅक्टरी व्हेरिएशन नाही."

त्याच्या हिशेबानं ते बरोबर होतं. संग्राहकांच्या जगात चिकटवलेला, नंतर रंगवलेला नग म्हणजे किंमत उतरलेला नग. मी काही बोललो नाही. त्यानंच थोड्या वेळानं पुढे जोडलं, "पण असा एकच आहे."

आता माझं मत सांगतो, म्हणजे हे सगळं कशासाठी लिहिलं ते कळेल.

खेळण्यातला फरक तीन तऱ्हेचा असतो असं मला आता वाटतं. एक, विकण्यासाठी मुद्दाम केलेला, पाकिटातल्या सोळा जणांसारखा. त्याच्यामागे धावून पैसा जातो आणि हाती फारसं लागत नाही. दुसरा, काम करता करता झालेला. डोक्याचं भोक, झिजलेला साचा, मातीच्या जागी आलेलं प्लॅस्टर. यातून वस्तू कशी होते आणि का बदलते ते कळतं. पोरांनी हे बघावं, आपणही बघावं. आणि तिसरा, कोणीतरी कोणासाठी तरी केलेला. याला बाजारात भाव नाही. पण हा तिसरा फरक दिसायला दुसऱ्या फरकावर नजर तयार झालेली असावी लागते. भाच्यानं चौदा मावळे नाकावरून ओळीत लावले नसते, तर ती मिशी मला याही वेळी दिसली नसती. नवी चित्रं आणली होतीच, डबा कधीतरी साफसफाईत गेला असता. बारीक फरक बघत बसणं हा पोरखेळ आहे, किंवा श्रीमंती चाळा आहे, असं म्हणणारा मीच होतो, म्हणून ठामपणे सांगतो की तसं नाही.

माझं भाषण मात्र मी पूर्ण मागे घेत नाही. खेळणं खेळायला असतंच. तो मावळा खणात राहिला असता तर त्याची मान तुटली नसती आणि अण्णांना शाईची दौत उघडावी लागली नसती. ज्या वस्तूला कधी हात लागत नाही तिच्या वाट्याला असं काही येत नाही. तेव्हा खेळा, फोडा, चिकटवा. फक्त लिहून ठेवा. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती पुढच्या भाऊबिजेला आली नसती तर ती रेअर मिशी आमच्या घरात रंगाऱ्याची लहर म्हणून राहिली असती.

त्या रात्री भाच्यानं पेन्सिल मागितली आणि मावळ्याच्या बैठकीखाली लिहायला बसला. मराठी लिहिण्याचा त्याला सराव नाही, जिभेचं टोक बाहेर काढून एकेक अक्षर काढत होता. चौथीत म्हणजे कुठलं साल, ते आम्ही सगळ्यांनी बोटं मोजून काढलं. मग त्यानं विचारलं, "नक्की का?" मी म्हणालो, बहुतेक. "बहुतेक कसं लिहितात?" मी सांगितलं. आता त्या मावळ्याच्या पायाखाली लिहिलंय, '१९९० बहुतेक. जुन्नर. मिशी अण्णा आजोबा.'

ताई आणि तो गेले त्या दिवशी सकाळी किल्ल्याकडे बघितलं तर महादरवाज्यावर दोन पहारेकरी. एका बाजूला रेअर, दुसऱ्या बाजूला तो १९८४चा शिपाई. चिखल लागू नये म्हणून त्याच्या पायाखाली एक चपटा हिरवा ठोकळा होता. निघताना भाच्यानं शिपाई काढून खिशात टाकला, कन्येनं हरकत घेतली नाही. ठोकळा राहिला आहे. तो मी आता डब्यात घालणार आहे, वर्ष लिहून.

तेव्हा मंडळी, विशेषतः नात्यातल्या मंडळींनो, माळ्यावरचे डबे काढा. कागद फेकण्याआधी तारीख बघा. घरात जे कोणी वयानं मोठं असेल त्याला चित्रांसमोर बसवा आणि नुसतं ऐका. आणि घोडेगाव, मंचर, नारायणगावकडचं कोणी हे वाचत असेल तर एक विचारायचं आहे. पाय जुळलेला, डाव्या हातात ढाल, पागोट्याचा शेव उजव्या खांद्यावर, असा मावळा तुमच्याकडे आहे का? दोनच आहेत आमच्याकडे, आणि ते कुठून आले हे आत्यालाही आठवत नाही.